भिंतीवर डेस्कटॉप दिसतो, मग एफ ५ दाबल्यावर अंधार का?

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही रावेर तालुक्यात कृषी सहायक आहात आणि केळीवरच्या करपा रोगाची माहिती गावोगावच्या सभागृहांत पॉवरपॉइंटवर दाखवता. नव्या लॅपटॉपला जुन्या प्रोजेक्टरची व्हीजीए वायर बसत नाही, म्हणून यूएसबीला लावायचा व्हीजीए अडॅप्टर घेतला. तो लावला की भिंतीवर डेस्कटॉप येतो, पण स्लाइड शो सुरू करायला एफ ५ दाबलं की भिंत काळी होते. कधी स्लाइड लॅपटॉपवरच राहते आणि तुमच्या नोट्स भिंतीवर जातात. व्हिडिओ लागला तर अडकत अडकत चालतो आणि आवाज येत नाही. घरी टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडल्यावर मात्र तीच फाइल झकास चालते. विंडोज ११ आहे, कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे.

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य टीव्हीचं. फाइल चांगली आहे, पॉवरपॉइंट चांगलं आहे, हे त्यावरून कळलं. आणि लॅपटॉपला एचडीएमआयचं तोंड आहे हेही कळलं. दुकानदाराने हे विचारलं असतं तर कदाचित यूएसबीचा अडॅप्टर तुमच्या गळ्यात पडलाच नसता. त्याकडे शेवटी येतो.

घरी चित्र ज्या वाटेने टीव्हीवर गेलं, ती आणि सभागृहातली वाट पूर्ण वेगळी आहे. एचडीएमआयचं तोंड थेट लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला जोडलेलं असतं. चिप चित्र काढते आणि वायरीत सोडते, संपलं. यूएसबी अडॅप्टरमध्ये तसं काही नसतं. तिथे एक ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, विंडोजला सांगतो की आणखी एक स्क्रीन जोडली आहे. विंडोज त्या स्क्रीनचं चित्र मेमरीत तयार करतं, ड्रायव्हर ते उचलतो, लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून दाबून लहान करून घेतो आणि यूएसबीतून पाठवतो. अडॅप्टरमधली चिप ते उलगडून प्रोजेक्टरला देते. वायर दिसत असली तरी हे अर्धं काम सॉफ्टवेअरचं आहे, म्हणून बिघाडही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचाच निघतो.

दाबून का पाठवावं लागतं ते हिशेबाने बघा. तुमचा प्रोजेक्टर जुना आहे म्हणजे बहुधा १०२४ बाय ७६८ चा. तेवढे ठिपके, प्रत्येकाला २४ बिट रंग, सेकंदाला ६० वेळा: हे होतात सेकंदाला सुमारे ११३ कोटी बिट. यूएसबी २.० ची कागदावरची क्षमता ४८ कोटी. म्हणजे पूर्ण चित्र जसंच्या तसं जाणं शक्यच नाही. यूएसबी ३.० ची क्षमता ५०० कोटी, तिथे जागा पुरते. स्थिर स्लाइड असेल तर फक्त बदललेला भाग पाठवला जातो, म्हणून डेस्कटॉप व्यवस्थित दिसतो आणि अडॅप्टर चांगला आहे असं वाटतं. व्हिडिओ किंवा पूर्ण स्क्रीन सरकवणारं ट्रान्झिशन, म्हणजे स्लाइड बदलतानाची हालचाल, आलं की प्रत्येक फ्रेमला सगळेच ठिपके बदलतात आणि मग दम लागतो.

आता मुख्य तक्रार, एफ ५ नंतरचा अंधार. डेस्कटॉप भिंतीवर दिसतोय याचा अर्थ वायर, प्रोजेक्टर, अडॅप्टर आणि ड्रायव्हर हे चौघे निदान त्या क्षणी तरी ठीक आहेत. तेव्हा वायर हलवून बघणं, प्रोजेक्टर बंद-चालू करणं यात वेळ घालवू नका. एफ ५ दाबल्यावर काय बदलतं तेवढंच शोधायचं.

माझा पहिला संशय एका छोट्याशा टिकवर आहे. पॉवरपॉइंटच्या नव्या आवृत्त्यांत फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड इथे खाली डिस्प्ले नावाचा भाग आहे. त्यात लॅपटॉपवरून सादरीकरण करताना डिस्प्ले आपोआप एक्स्टेंड करण्याचा, म्हणजे भिंत ही वेगळी दुसरी स्क्रीन धरण्याचा, पर्याय असतो. तुम्ही विंडोज आणि पी दाबून डुप्लिकेट निवडलं असेल, म्हणजे दोन्हीकडे सारखं चित्र, तर एफ ५ दाबताच पॉवरपॉइंट ते मोडून एक्स्टेंड करतं. एचडीएमआयवर हा बदल डोळा मिटून उघडेपर्यंत होतो. यूएसबी अडॅप्टरला मात्र नवी स्क्रीन मांडावी लागते, रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, पुन्हा ठरवावं लागतं. त्या वेळी भिंत काही सेकंद काळी होते, आणि ड्रायव्हर कच्चा असेल तर काळीच राहते. माणूस घाबरून एस्केप दाबतो, स्क्रीन पुन्हा डुप्लिकेटवर येते, पुन्हा एफ ५, पुन्हा तोच खेळ.

उपाय सोपा आहे. पॉवरपॉइंट उघडण्याआधीच विंडोज आणि पी दाबून एक्स्टेंड निवडा. भिंतीवर नुसतं वॉलपेपर, कोणतेही आयकॉन नाहीत, असं दिसलं की समजा जमलं. आता नोटपॅड उघडा आणि विंडोज, शिफ्ट आणि उजवा बाण दाबा. नोटपॅड भिंतीवर उडी मारून गेलं तर पाया पक्का. मग पॉवरपॉइंट उघडा, स्लाइड शो टॅबमध्ये सेट अप स्लाइड शो उघडा. तिथे मॉनिटरच्या यादीत ऑटोमॅटिक असतं, ते काढून प्रोजेक्टरची स्क्रीन नाव घेऊन निवडा. नावावरून कळत नसेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये आयडेंटिफाय दाबा, भिंतीवर आकडा उमटेल. नोट्स भिंतीवर जाण्याची तुमची दुसरी तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते. ऐन कार्यक्रमात उलटं झालंच तर प्रेझेंटर व्ह्यूच्या, म्हणजे नोट्स दिसणाऱ्या स्क्रीनच्या, वरच्या पट्टीत डिस्प्ले सेटिंग्जखाली दोन्ही स्क्रीनची अदलाबदल करण्याचा पर्याय आहे. शेतकऱ्यांसमोर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करत बसू नका.

एवढं करूनही अंधार राहिला तर दुसरा संशय ग्राफिक्स प्रवेगावर, म्हणजे अॅक्सिलरेशनवर. स्लाइड शो गुळगुळीत दिसावा म्हणून पॉवरपॉइंट त्याचं रेखाटन ग्राफिक्स चिपकडून करून घेतं. यूएसबी स्क्रीनच्या मागे खरी ग्राफिक्स चिप नसते. चित्र लॅपटॉपच्या चिपवर बनतं आणि ड्रायव्हरला ते तिथून उचलावं लागतं. ज्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप आहेत, एक प्रोसेसरमधली आणि एक वेगळी, तिथे ही उचलाउचल जास्त बिनसते. त्याच डिस्प्ले भागात स्लाइड शोचं हार्डवेअर ग्राफिक्स अॅक्सिलरेशन बंद करायची टिक आहे, ती लावा. पूर्ण पॉवरपॉइंटचं अॅक्सिलरेशन बंद करायची वेगळी टिक तुमच्या आवृत्तीत दिसत असेल तर तीही लावून बघा. पॉवरपॉइंट पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. दोन चिपचा लॅपटॉप असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ग्राफिक्स उघडून पॉवरपॉइंटसाठी पॉवर सेव्हिंग निवडा, म्हणजे ते प्रोसेसरमधल्या चिपवर चालेल. यात काही ट्रान्झिशन थोडी खडबडीत दिसतील. करप्याचा डाग दाखवायला मॉर्फ ट्रान्झिशनची गरज नसते, तेव्हा नुकसान काही नाही.

तिसरा मार्ग फार थोड्यांना माहीत असतो आणि अडचणीत तो हमखास कामी येतो. सेट अप स्लाइड शोमध्ये शो कसा दाखवायचा याचे तीन प्रकार असतात. त्यातला मधला, एका माणसाने खिडकीत बघण्याचा, तो निवडा. आता एफ ५ दाबलं की शो पूर्ण स्क्रीन न घेता साध्या खिडकीत सुरू होईल. ती खिडकी विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून भिंतीवर पाठवा आणि मोठी करा. वर एक पट्टी दिसत राहील, प्रेझेंटर व्ह्यू मिळणार नाही. पण डेस्कटॉप जसा दिसत होता तशीच ही खिडकी दिसणार, कारण विंडोजच्या दृष्टीने ती नोटपॅडसारखीच एक खिडकी आहे.

ड्रायव्हरबद्दल दोन गोष्टी. यूएसबी अडॅप्टरवर कंपनीचं नाव काहीही असो, आतली चिप महत्त्वाची. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टर शोधा, उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. व्हीआयडी या अक्षरांपुढे १७ई९ असेल तर चिप डिस्प्लेलिंकची. ही कंपनी २०२० मध्ये सिनॅप्टिक्सने घेतली, त्यामुळे ड्रायव्हर आता सिनॅप्टिक्सच्या साइटवर मिळतो. १डी५सी असेल तर फ्रेस्को लॉजिकची. इंटरनेट चालू असेल तर डिस्प्लेलिंकचा ड्रायव्हर विंडोज स्वतः उतरवून घेतं. हेच सभागृहात घात करतं: गावात रेंज नाही आणि अडॅप्टर पहिल्यांदा तिथेच लावला, तर भिंतीवर काहीच येत नाही. काही स्वस्त अडॅप्टर लावल्यावर धिस पीसीमध्ये एक छोटी डिस्क उघडते, ड्रायव्हर त्यातच असतो. अँटीव्हायरसने ती अडवली नाही ना ते बघा. काहीही असो, ड्रायव्हर घरी, नेट असताना, आदल्या दिवशी नव्हे तर दोन-तीन दिवस आधी बसवा आणि लॅपटॉप एकदा रीस्टार्ट करा.

अडॅप्टर कोणत्या तोंडाला लावता तेही बघा. यूएसबी ३.० चं तोंड बऱ्याच लॅपटॉपवर आतून निळं असतं किंवा बाजूला एसएस लिहिलेलं असतं. माउस, पेन ड्राइव्ह आणि अडॅप्टर एकाच हबवर टांगू नका. यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर आणि ३.० मधून ९०० मिलिअँपिअर मिळणं अपेक्षित असतं. त्यात तिघांनी वाटा मागितला की अडॅप्टर मधूनच गुल होतो. दहा-पंधरा मिनिटं एकाच स्लाइडवर बोलत राहिल्यावर भिंत जात असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वीज वाचवायला यूएसबीला झोपवणारी सोय, बंद करा.

व्हिडिओ अडकण्यामागे यूएसबीची वाट आहेच, पण त्यात भर घालणाऱ्या गोष्टी आपल्या हातात आहेत. लॅपटॉप चार्जरला लावलेला असावा. बॅटरीवर, त्यातून बॅटरी सेव्हर चालू असताना, प्रोसेसर हात आखडता घेतो आणि इथे चित्र दाबायचं काम तर त्याचंच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या सभागृहात लॅपटॉप सतरंजीवर किंवा टेबलक्लॉथवर ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात, तापल्यावर प्रोसेसर वेग कमी करतो आणि व्हिडिओ आणखी अडकतो. लाकडी फळीवर ठेवा. अडॅप्टर हाताला गरम लागणं मात्र नेहमीचंच आहे, त्याची चिंता नको.

व्हिडिओ स्वतःही हलका करा. फाइल, इन्फो, कॉम्प्रेस मीडिया इथे ७२० पी निवडा. १०२४ बाय ७६८ च्या भिंतीवर त्याहून जास्त बारकावा दिसायला जागाच नाही. फोनवर शेतात काढलेला व्हिडिओ असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६५ किंवा हाय एफिशियन्सी चालू आहे का पाहा. तो प्रकार उघडायची सोय विंडोजमध्ये नसली तर आवाज येतो, चित्र काळं. एच.२६४ मधला साधा एमपी४ ठेवा. आणि एखाद्या ओटीटी अॅपवरचा व्हिडिओ यूएसबी किंवा व्हीजीए वाटेने काळा दिसला तर तो दोष नव्हे. कॉपी-संरक्षण असलेलं चित्र व्हीजीएतून अनेकदा जाऊ दिलं जात नाही.

आवाजाचं उत्तर एका ओळीचं आहे: व्हीजीए वायरीतून आवाज जात नाही, कधीच जात नव्हता. लॅपटॉपच्या किंवा अडॅप्टरच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ मिलिमीटरची वायर सभागृहाच्या अॅम्प्लिफायरला जोडा. काही अडॅप्टर लावले की विंडोज आवाज त्यांच्याकडे वळवतं आणि लॅपटॉप मुका होतो. टास्कबारवरच्या स्पीकरवर क्लिक करून स्पीकर्स निवडा आणि मग शो सुरू करा.

सभागृहातल्या वायरीबद्दलही सांगून ठेवतो, कारण जागा बदलली की लक्षण बदलतं. छतावरच्या प्रोजेक्टरची लांब व्हीजीए वायर कुणीतरी भिंतीतून ओढून तिथेच तोंडं जोडलेली असते. प्रोजेक्टर आपली ओळख आणि रिझोल्यूशन १५ पैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनमधून लॅपटॉपला सांगतो. चित्र या पिनांशिवायही येतं, म्हणून जोडणारा त्या सोडून देतो. मग विंडोजला समोर काय आहे ते कळत नाही, स्क्रीनचं नाव जेनेरिक येतं आणि भलतंच रिझोल्यूशन जातं. प्रोजेक्टर आऊट ऑफ रेंज म्हणतो किंवा चित्र कापलं जातं. अशा वेळी डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरी स्क्रीन निवडून हाताने १०२४ बाय ७६८ आणि ६० हर्ट्झ ठेवा. वायरीच्या टोकात मधल्या रांगेतली ९ नंबरची पिन नसेल तर मोडली असं समजू नका, बऱ्याच वायरींत ती मुळातच नसते. बाकी एखादी वाकली असेल तर भिंतीला पिवळी किंवा गुलाबी झाक येते. करप्याचे पिवळे पट्टे दाखवताना ही झाक फार नडेल, म्हणून सुरुवातीला एक कोरी पांढरी स्लाइड ठेवून भिंतीचा रंग तपासा.

त्याच अनुषंगाने स्लाइडचा आकार. नवी फाइल १६:९ ची असते आणि हा प्रोजेक्टर ४:३ चा. तुमची स्लाइड १०२४ बाय ५७६ एवढीच दिसेल आणि वर-खाली ९६-९६ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतील. डिझाइन टॅबमधून स्लाइड साइज स्टँडर्ड करा, विचारल्यावर एन्शुअर फिट निवडा. नाहीतर मागे बसलेल्याला औषधाचं प्रमाण वाचता येणार नाही.

लाईट जाऊन इन्व्हर्टरवर आली की प्रोजेक्टर बंद पडतो, लॅपटॉप चालूच राहतो. त्या वेळी विंडोजला दुसरी स्क्रीन गेली असं वाटू शकतं आणि शो लॅपटॉपवर येतो. प्रोजेक्टर पूर्ण तापून चित्र देईपर्यंत थांबा, एस्केप दाबा, विंडोज आणि पी मध्ये एक्स्टेंड आहे ना ते बघा आणि शिफ्ट एफ ५ दाबा, म्हणजे थांबलात त्याच स्लाइडपासून सुरू होईल. तरीही भिंत गोठलेली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. बीप वाजते, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, फाइलला धक्का लागत नाही. मग अडॅप्टर काढून पाच-दहा सेकंदांनी लावा.

लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांसाठी: स्लाइड शो सेटिंग्जमध्ये प्रेझेंटेशन डिस्प्ले निवडता येतो, आणि टूल्स, ऑप्शन्स, व्ह्यूमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करता येतं. तर्क तोच.

आता खरेदीचं. तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे, तेव्हा एचडीएमआयचं व्हीजीए करणारा छोटा कन्व्हर्टर घ्या आणि यूएसबीचा अडॅप्टर बॅगेत जोडीला ठेवा. कन्व्हर्टरला ड्रायव्हर लागत नाही, प्रोसेसरवर भार पडत नाही, आणि वर लिहिलेलं निम्मं दुखणं उद्भवतच नाही. घेताना दोन गोष्टी बघा: ३.५ मिलिमीटरचं आवाजाचं भोक आणि वीज द्यायला बाजूला मायक्रो यूएसबी. एचडीएमआयच्या तोंडातून ५ व्होल्टवर ५५ मिलिअँपिअर एवढीच खात्री असते. लांब वायरीला सिग्नल ढकलताना कन्व्हर्टरला जास्त लागलं की चित्र लुकलुकतं. बाजूने चार्जरची वीज दिली की थांबतं. नुसती एचडीएमआय ते व्हीजीए वायर, मध्ये काहीच नाही, अशी मिळाली तर घेऊ नका. एचडीएमआय डिजिटल आहे आणि व्हीजीए अॅनालॉग, मध्ये रूपांतर करणारी चिप हवीच.

ज्यांच्या लॅपटॉपला फक्त टाइप-सी आहे त्यांनी तोंडाजवळ डिस्प्लेपोर्टचं डी-पी चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज छापलेली आहे का ते बघावं. असेल तर टाइप-सी ते व्हीजीए कन्व्हर्टरही थेट ग्राफिक्स चिपवरून चालतो. नसेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची माहिती तपासावी. तिथेही उल्लेख नसला तरच यूएसबी अडॅप्टर घ्यावा, आणि तो डिस्प्लेलिंकचा, यूएसबी ३.० चा घ्यावा.

दुसऱ्याच्या लॅपटॉपवर दाखवायची वेळ आली तर पीडीएफ पेन ड्राइव्हवर असू द्या. मराठी मजकूर जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असेल तर समोरच्या लॅपटॉपवर पॉवरपॉइंटमध्ये त्याची चिन्हं होतील, पीडीएफमध्ये होणार नाहीत.

हे सगळं करून बघितल्यावरही अंधार गेला नाही तर लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, अडॅप्टरचा हार्डवेअर आयडी, पॉवरपॉइंटची आवृत्ती आणि एक्स्टेंडमध्ये नोटपॅड भिंतीवर गेलं की नाही, एवढं लिहून पाठवा.